पाया हे पद तूर्त रिक्त आहे

नायगावच्या कमल ओव्हाळला ड्राफ्ट्समनच्या वर्गात प्रवेश मिळाला.

तसं काही झालेलं नाही. वरचं वाक्य चुकून आधी पडलं. वाचलं असेल तर विसरावं आणि पेढे मागू नयेत. ज्या चाळीत हे घडलं तिथले लोकही ते घडलंच नाही असं धरून चालतात, आणि त्यामागे त्यांचा रीतसर ठराव आहे. तो ओघाने येईलच. तूर्त कमलला काहीही मिळालेलं नाही, मिळेल असं कुणी म्हणतही नाही, आणि ती हातात खडू घेऊन शामरावांच्या बंद दारासमोर उभी आहे.

खडूचं कारण तिच्या खोलीत होतं. ओव्हाळांची खोली बीडीडी चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, पॅसेजच्या जिन्याकडच्या टोकाला. खोलीत आठ माणसं, एक स्टोव्ह, पाण्याचं पिंप, वळकट्यांची चळत आणि भिंतीवर तथागत व बाबासाहेब. रविवारी दुपारी सगळे घरात असले की कमल पिंपावर बसायची, कारण जमिनीवर जागा नसायची, आणि तिथून तिला एकच विचार सुचायचा. ही खोली आधी कुणीतरी कागदावर काढली असणार. काढून झाल्यावर पेन्सिल कानावर ठेवून त्याने ती जरा लांबून पाहिली असणार, त्याला वाटलं असणार की पुरे झाली, आणि मग तो आपल्या घरी गेला असणार. कमलला त्या माणसाला भेटायचं होतं. तो विलायतेत वारला असण्याची शक्यता धरून तिने ठरवलं की भेटण्याऐवजी त्याच्या जागेवर जाऊन बसावं.

जागेची चौकशी दौलतने करून दिली. दौलत तिसऱ्या मजल्यावर राहायचा आणि फोर्टात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसिंग करायचा, म्हणजे दुसऱ्याने मारलेल्या रेघांवरून रेघा. जिन्यात गाठून त्याने सांगितलं, "दादरला वर्ग आहे. या वर्षीपासून मुलींना घेतायत. पण तोंडी परीक्षा आहे हां. इमारतीचे भाग विचारतात. काय कुठे असतं, काय काम करतं. सटासट सांगता आलं पाहिजे."

"कधी?"

"पुढच्या सोमवारी."

सोमवार ऐकून कमल पायरीवर बसली. त्याच सोमवारी तिला गिरणीत जायचं होतं. पॅसेजमधल्या सुंदराबाई सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यात नायकीण, म्हणजे बायांवरच्या मुकादम होत्या. त्यांनी शब्द टाकून कमलसाठी एक बदली कामगाराची जागा धरून ठेवली होती, आणि गिरणीतली धरलेली जागा ही रस्त्यावर रुमाल टाकून धरलेल्या जागेसारखी असते. मालक वेळेवर आला नाही तर रुमालासकट जाते. वर्गाला गेलं तर गिरणी गेली, आणि परीक्षेत नापास झालं तर दोन्ही गेलं.

तिने बापाला विचारलं. भिवा ओव्हाळ गिरणीत रिंग खात्यात होता. कुठल्याही सभेत, लग्नात किंवा फोटोत तो शेवटी, जिन्यापाशी किंवा दारापाशी उभा असायचा, आणि फोटोत बहुतेक वेळा त्याचा खांदाच यायचा. त्याला प्रश्न विचारला की तो लगेच बोलत नसे. प्रश्न घेऊन आत आत, खाली खाली उतरत जायचा, आणि तळाला काहीतरी टणक लागलं की मगच वर यायचा. कधीकधी चार-चार दिवस खालीच असायचा.

"बा, गिरणीत जाऊ का दादरला?"

भिवाने तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं, आणि उतरायला सुरुवात केली.

"झालं," आई रखमा म्हणाली. "आता जेवायला वर आला तर नशीब."

तर मुद्दा खडूचा. शब्द पाठ करायला ते सारखे डोळ्यांसमोर हवेत, आणि घरात भिंत शिल्लक नव्हती. पॅसेजमध्ये मात्र दोन्ही बाजूंना दारंच दारं होती, आणि पाणी भरायला नळावर जाताना ती सगळी ओलांडावी लागत. कमलने पहाटे उठून एकेका दारावर दौलतने उतरवून दिलेल्या यादीतला एकेक शब्द लिहून टाकला. आपल्या दारावर काही लिहिलं नाही. नळावर जाताना आपलं दार पाठीमागेच राहतं.

दार उघडून शामराव बाहेर आले ते ती शेवटचा फराटा मारत असताना. शामराव पोस्टात सॉर्टर होते आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या तिथल्या शाखेचे चिटणीस. मोर्चात त्यांच्या खांद्यावर एक लाठी बसली होती. हवा बदलली की तो खांदा दुखायचा, आणि हवा नाही बदलली तरी ते तो दाखवायचे.

"कमे, हे काय?"

"कॉलम, काका."

"वाचता येतं मला. माझ्या दारावर का?"

"तुमचं दार नळाच्या वाटेवर आहे."

"अगं, ज्याने मराठी राज्यासाठी खांदा दिला त्याच्या दारावर इंग्रजी शब्द? येणारा-जाणारा काय म्हणेल? फुटला म्हणतील."

"परीक्षेत इंग्रजी विचारतात."

"विचारू दे. तू मराठी लिही."

"मग नापास होईन."

शामराव अडचणीत आले. पोरगी नापास व्हावी असं त्यांना वाटत नव्हतं, आणि मुंबई हातची जावी असंही वाटत नव्हतं. अशा वेळी ते जे करत तेच त्यांनी केलं. पॅसेजमध्ये सभा बोलावली.

त्या दिवसांत नायगावात ठरावाशिवाय काही हलत नसे. द्वैभाषिक राज्याचं तिसरं वर्ष चालू होतं, मुंबई महाराष्ट्राला मिळत नव्हती, सभा रोज होत होत्या, आणि लोकांच्या हातांना वर जायची सवय लागली होती. नळावरचा नंबर ठरावाने लागायचा. उंदरांना विष घालायचं की पिंजरा लावायचा हे ठरावाने ठरलं होतं, उंदीर तटस्थ राहिले होते. बाबुरावांनी तबला कधी वाजवावा हा ठराव एक विरुद्ध सगळे असा पास झाला होता, आणि तो एक अजून वाजवत होता.

सभेत ठरलं की प्रत्येक दारावर वर मोठ्या अक्षरांत मराठी शब्द असावा, खाली बारीक अक्षरांत इंग्रजी, आणि राज्य मिळाल्यावर खालचं पुसून टाकावं. कमलला आता दुप्पट पाठ करावं लागणार होतं. तिने खडूचे दोन तुकडे केले.

खरी भानगड पुढे झाली. दारावर शब्द आला म्हणजे त्याचा अर्थ काय, हे दारातल्या माणसाला विचारावंसं वाटणारच.

"खांब म्हणजे काय करायचं असतं?" शामरावांनी विचारलं.

"उभं राहायचं. वरचं सगळं अंगावर घ्यायचं. बोलायचं नाही."

पहिल्या दोन गोष्टी शामरावांना पटल्या.

बाबुरावांच्या दारावर तुळई होती, खाली बीम. "ती आडवी असते," कमल म्हणाली. "दोन्ही टोकांना आधार लागतो. मधे भार पडला की वाकते."

"हे तुला माझ्या आईने सांगितलं की बायकोने?"

सुंदराबाई कोकणातल्या, सावंतवाडीकडच्या. बोलणं मालवणी आणि नजर नायकिणीची. त्यांच्या दारावर लिंटल होती. तिला मराठीत काय म्हणावं हे दौलतलाही ठाऊक नव्हतं, म्हणून वरची जागा समितीच्या निर्णयासाठी कोरी ठेवली होती.

"माका काय केलंस गो?"

"लिंटल, मावशी. दारावर आडवी असते. वरच्या भिंतीचा भार तिच्यावर, म्हणून खालचं दार उघडतं-मिटतं."

"म्हणजे वरसून भिंत, आणि खालसून लोकांची जा-ये?"

"हो."

"खात्यात मी ताच करतंय," सुंदराबाई म्हणाल्या, आणि शब्दाला हात न लावता त्यांनी दाराला तेवढी जागा सोडून फडका मारला.

पण रघूच्या दारावर सांडपाण्याचा पाइप होता. रघूला वाचता येत होतं, त्याची बायको शेवंती हिला येत नव्हतं, आणि रघू काही बोलला नाही. त्यामुळे दोन दिवस शांततेत गेले. मग शेवंतीची धाकटी बहीण भेटायला आली, ती चार बुकं शिकलेली होती.

शेवंती पदर खोचून ओव्हाळांच्या दारात उभी राहिली. "पॅसेजभर खांब, तुळया, कमानी, आणि माझ्या दारात गटार?"

"वहिनी, पाइप नसला तर सबंध इमारत सडते."

"मग तू हो पाइप."

"मी इमारतीत नाहीये, वहिनी. मी परीक्षेला आहे."

"मला कमान पायजे."

कमान गंगुबाईंच्या दारावर होती. गंगुबाई म्हणाल्या, कमान सोडते, पण मला कठडा द्या. कठड्यावर तीन जणांचा डोळा होता. थोडक्यात, निवडणूक घ्यावी लागली.

निवडणूक शामरावांनी घेतली, खुणा वाटून, शुक्रवारी संध्याकाळी. सगळ्यांना कठडा हवा होता. कठडा गच्चीच्या कडेला असतो, वारा लागतो, रस्त्यावरून दिसतो. चाळीची गच्ची कुलूपबंद होती, किल्ली सरकारी कचेरीत होती, आणि आपल्या इमारतीचा कठडा हयात असलेल्यांपैकी कुणीही जवळून पाहिलेला नव्हता, ही गोष्ट कुणी मनावर घेतली नाही. गंगुबाई जिंकल्या. कठड्यावर सगळ्यांना पापड वाळत घालू देईन, असा त्यांचा जाहीरनामा होता. शेवंती कमान झाली. पाइपासाठी तिने रघूचं नाव सुचवलं आणि दुसऱ्या कुणाचं आलं नाही; दार दोघांचं एकच, म्हणून त्यावर वर कमान आणि खाली पाइप असं ठरलं. शामराव कठड्याला पडले आणि चिडून तुळई झाले, तेव्हा बाबुरावांना खांब व्हावं लागलं. सुंदराबाई पाळीवर होत्या, म्हणून गैरहजेरीत लिंटल कायम राहिल्या.

"आता पाया," कमल म्हणाली.

"तो काय असतो?" शेवंतीने विचारलं.

"जमिनीच्या खाली असतो. त्याच्यावर सगळी इमारत उभी राहते."

"खाली म्हणजे घुशी असतात तिथे?"

"हो."

"बांधून झाल्यावर दिसतो?"

"नाही."

"कुणी विचारतं त्याला?"

कमलने प्रामाणिकपणे नकारार्थी मान हलवली. शामरावांनी तीनदा विचारलं, कुणी उभं राहतंय का. बाबुराव आपल्या बोटांकडे बघू लागले. रघूने आपल्याला आधीच पाइप दिलाय याची आठवण करून दिली. जिन्यापाशी, सगळ्यांच्या मागे, भिवा ओव्हाळ उभा होता. त्याला कुणी विचारलं नाही. ओव्हाळांच्या दारावर शब्द नव्हता, आणि ज्याच्या दारावर शब्द नाही तो धरायचा की नाही याबद्दल नियमांत काही नव्हतं. शिवाय भिवा अजून कमलचा प्रश्न घेऊन खाली होता.

शामरावांनी ठराव वाचला, "पाया हे पद तूर्त रिक्त ठेवण्यात येत आहे."

"काका, पायाशिवाय इमारत उभी राहात नाही."

"तूर्त म्हटलंय, कमे. महाराष्ट्रसुद्धा तूर्तच नाहीये. म्हणून काय आपण नाही?"

सभा संपली. कमल पॅसेजमध्ये उभी राहिली आणि तिने हिशेब केला की आठवडाभर जे पाठ केलं ते सगळं आता चुकीच्या दारांवर आहे. खांब म्हटलं की तिला शामराव दिसत होते, आणि शामराव आता आडवे होते.

तिने बादलीत फडका बुडवला, सगळी दारं पुसली आणि नव्याने लिहायला घेतलं. शनिवारी ती रिकामी बादली घेऊन पॅसेजमधून सारखी फिरली. नळावर, जिन्यात, संडासाच्या रांगेत, लोक तिला थांबवून विचारायचे, "कमल, मी कोण?"

"खांब. कॉलम."

"आणि माझ्या वर कोण?"

"शामरावकाका."

"हे मला आवडलेलं नाही, पण बरोबर आहे," बाबुराव म्हणायचे.

एकदा तिला कळलं की ती शब्द पाठ करतच नाहीये. ती नुसती डोक्यात पॅसेजमधून चालतेय आणि एकेक दार वाजवतेय, आणि आतून शब्द आपला बाहेर येतोय. हे तिला फार सोयीचं वाटलं. पाया तिला येत नव्हता असं नाही, पाया कुणाला येत नाही? पण तिचं डोकं आता दारावरून दारावर जात होतं, आणि जिथे दार नाही तिथे ते पाऊल टाकत नव्हतं. हे तिच्या लक्षात आलं नाही.

रविवारी संध्याकाळी सुंदराबाई आल्या. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"उद्या भोंग्याक ये गो. मी गेटार असतलंय. नाय आलंस तर शेवंतीची भयण येतंय म्हणता, जागा तिका जातली."

"मावशी, उद्या माझी परीक्षा आहे."

"ठाव हा माका. म्हणान तर इचारूक इलंय. पास नाय झालंस तर?"

याचं उत्तर पॅसेजमधल्या कुठल्याही दारावर नव्हतं. त्याच वेळी कोपऱ्यातून भिवा वर आला.

"दादरला जा," तो म्हणाला.

एवढंच. मग त्याने ताट ओढलं आणि तो जेवला. सुंदराबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "भिवाचो आवाज आज आयकलंय मी," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

सोमवारी सकाळी अख्खा पॅसेज कपडे करून तयार होता. शामरावांचं म्हणणं होतं की इमारत तोंडाने सांगण्यापेक्षा प्रत्यक्ष नेऊनच दाखवावी, उगाच पोरीच्या जिभेवर भार नको. कमलने सगळ्यांना हात जोडले.

"नको, काका. उद्या मला नोकरी लागली तर तिथेही तुम्हाला नेऊ का?"

"का नाही?" रघू म्हणाला. पाइप झाल्यापासून तो जरा मोकळा झाला होता.

भोंगा झाला तेव्हा भिवा पहिल्या पाळीला गेला नाही. त्याने लग्नातला कोट घातला.

"खाडा?" रखमाने विचारलं. भिवाने कधी खाडा केला नव्हता. संपात आणि हरताळात गिरणीच बंद असायची, तो खाडा धरत नाहीत.

"एक," भिवा म्हणाला आणि चपला घातल्या.

दोघं चालत दादरला गेली. शाळेच्या गेटवर रखवालदाराने हात आडवा केला. आत फक्त उमेदवार. भिवा लगेच थांबला, जणू तो तिथे थांबायलाच आला होता. गेटापाशी भेंडीच्या झाडाची सावली पडली होती, तीत उभा राहिला. कमल आत गेली.

वरच्या मजल्यावर टेबलामागे तिघे बसले होते. मधे चष्मेवाले प्राचार्य, डावीकडे वेलदोडा चघळणारे एक इंजिनिअर, आणि उजवीकडे एक गृहस्थ.

"नाव?"

"कमल भिवा ओव्हाळ."

"मुलगी आहे," उजवीकडचे गृहस्थ म्हणाले. ते कशासाठी होते ते कळलं.

"या वर्षीपासून चालतं," प्राचार्य म्हणाले. "सांगा, बीम म्हणजे काय?"

कमल मनातल्या मनात बादली घेऊन निघाली. "तुळई. आडवी असते, खांबांवर टेकते. भार आला की मधे वाकायला बघते, म्हणून आधीच विचार करून तिची जाडी धरतात. आमची जरा जास्त बोलते."

"काय?"

"काही नाही, सर."

"कॉलम?"

"खांब. वरचं घेतो आणि खाली पोचवतो. आधी शामराव होते, आता बाबुराव आहेत."

इंजिनिअर चघळायचे थांबले. "कोण बाबुराव?"

"आमच्याकडचे कॉलम, सर. निवडणुकीनंतर बदलले."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पण उत्तर बरोबर होतं, आणि बरोबर उत्तराला किती माणसं लागावीत याबद्दल शाळेचा नियम नव्हता.

"पॅरापेट?"

"कठडा. गच्चीच्या कडेला असतो. माणूस पडू नये म्हणून असतो, पापडांसाठी नसतो."

"लिंटल?"

"दारावरची. भिंतीचा भार ती घेते, म्हणून दार उघडतं."

"आणि ती काढली तर?"

गिरणीचा भोंगा होऊन गेला होता. सुंदराबाई गेटावर उभ्या राहून आत गेल्या असणार. "काढली तर ते दार बंद होतं, सर. मग दुसरं बघावं लागतं."

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. "ठीक. हे सगळं तुम्ही उभं केलंत. कशावर उभं आहे?"

"जोत्यावर. प्लिंथ."

"आणि जोतं?"

कमलने पुढचं दार वाजवायला हात उचलला. दार नव्हतं. पॅसेज संपला होता, पुढे नुसती भिंत होती. ती मागे फिरली, पहिल्यापासून सगळी दारं पुन्हा वाजवत आली. कमान, कठडा, पाइप, सगळे हजर होते, आणि सगळे खांदे उडवत होते.

"ते पद तूर्त रिक्त आहे, सर," ती म्हणाली.

"आठवत नसेल तर पुढच्या वर्षी या," प्राचार्य मऊपणे म्हणाले.

"मी बसते, सर."

"कुठे?"

"इथेच. आठवेपर्यंत."

"बाहेर बाकीचे उमेदवार थांबलेत."

"त्यांना येत असेल तर त्यांना घाई नाही, सर. मला येत नाहीये, म्हणून वेळ मला पाहिजे."

यात कुठेतरी चूक होती, पण तिघांनाही ती चटकन सापडली नाही. कमल खुर्चीच्या दोन्ही कडा धरून बसली. शब्द नाही म्हटल्यावर ती डोक्यातल्या पॅसेजमधून बाहेर आली आणि खिडकीतून बघू लागली.

खाली गेट दिसत होतं. भेंडीची सावली सरकत सरकत रस्त्यापलीकडे गेली होती. भिवा सरकला नव्हता. पोरगी बाहेर आली की आधी जिथे सोडलं तिथेच बघणार, म्हणून तो जिथे उभा होता तिथेच उन्हात, कोटाची सगळी बटणं लावून उभा होता. येणारे-जाणारे त्याला वळसा घालून जात होते आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

"पाया," कमल म्हणाली. "फाउंडेशन."

"खोल किती न्यायचा?" इंजिनिअरनी लगेच विचारलं.

"खाली कठीण लागेपर्यंत, सर. त्याआधी वर यायचं नाही. कधीकधी चार दिवस लागतात."

"चार दिवस?"

"प्रश्नावर असतं."

"आणि इमारत झाल्यावर पाया कुठून दिसतो?" प्राचार्यांनी विचारलं.

"दिसत नाही, सर. आत्ता दिसतोय. तो तिथे गेटापाशी उभा आहे."

तिघेही उठून खिडकीपाशी आले.

"हा तर माणूस आहे," उजवीकडचे गृहस्थ म्हणाले.

"बुजवण्याआधी पाया एकदा तपासून घ्यावा असा नियमच आहे," प्राचार्य म्हणाले, आणि त्यांनी बराच वेळ खाली पाहिलं. मग शिपायाला हाक मारली. "त्या गृहस्थांना सावलीत उभं राहायला सांगा."

शिपाई जाऊन आला. "नको म्हणतात, साहेब. आहे तिथे बरं आहे म्हणतात."

प्राचार्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्याला बोलवायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या फळ्यावर नावं लागली. दौलत फोर्टातून येताना वाकडी वाट करून दादरला उतरला आणि वाचून आला. पॅसेजमध्ये सगळ्यांना कळलं, आणि कुणीही काही बोललं नाही. मुंबईसह महाराष्ट्र मिळेपर्यंत या मजल्यावर कुठलीही आनंदाची बातमी धरू नये, पेढे आणि बेंजो बंद, असा ठराव आधीपासून लागू होता. याच ठरावाखाली रघूला मुलगा झालेला नव्हता. तो आता दीड वर्षाचा होता आणि दिवसभर पॅसेजमध्ये धावत असायचा. तेव्हा कमललाही प्रवेश मिळालेला नाही. ती फक्त रोज सकाळी टी-स्क्वेअरची लांब पट्टी काखेत मारून कुठेतरी जाते.

वायंडिंगमधली जागा शेवंतीच्या बहिणीला गेली. सुंदराबाईंनी ते येऊन सांगितलं, आणि सांगताना कमलच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली. "ह्यो पेढो न्हय," त्या म्हणाल्या. "ठरावात वडी नाय."

वडी खाऊन कमलने खडू घेतला आणि पहिल्यांदाच आपल्या दारापुढे बसली. अगदी खाली, उंबऱ्याला लागून तिने लिहिलं, पाया. त्याखाली इंग्रजी लिहायला जागा उरली नव्हती.

पाळीवरून आलेल्या भिवाने वाकून एकेक अक्षर लावत ते वाचलं.

"खाली लिहिलंस," तो म्हणाला.

"पाया खालीच असतो, बा."

"बरोबर." तो चपला काढता काढता थांबला. "वरनं कशी दिसते गं, आपली चाळ?"

कमलला माहीत नव्हतं. पॅसेजमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. शामरावांनी लगेच सभा बोलावली. भिवा ओव्हाळ पायाच्या पदावर बिनविरोध निवडून आला, जिन्यापाशी उभ्या उभ्या, आणि चाळींचा कारभार पाहणाऱ्या कचेरीला एक अर्ज गेला. शेवटचा परिच्छेद कमलने सांगितला आणि शामरावांनी सुवाच्य अक्षरात लिहिला:

"सबब विनंती की, सदर इमारतीच्या पायास वर्षातून एक दिवस रजा मंजूर करावी, त्या दिवशी गच्चीचे कुलूप काढून त्यास कठड्यापर्यंत जाऊ द्यावे व आपल्यावर काय उभे आहे ते सावकाश पाहू द्यावे, आणि तो परत येईपर्यंत इमारतीने आहे तिथेच उभे राहावे, असा लेखी हुकूम तिच्यावर बजावण्यात यावा."